गोष्टीत वाचलेला मुलगा

फ्रेदामावशी आमच्या पावाच्या भट्टीच्या मागच्या खोलीत राहायची. मधली भिंत एकच, त्यामुळे ऐन थंडीतसुद्धा तिला चूल फारशी पेटवावी लागत नसे. आमचे पाव भाजले जात आणि तिकडे तिची खोली ऊबदार होई. त्या बदल्यात ती आमच्या घरच्या उशा, गाद्या भरून द्यायची. हंसाची पिसं निवडण्यात तिचा हात धरणारं आमच्या उस्त्रोवित्स गावात कुणी नव्हतं. बुटकी, रुंद मनगटांची, केसांत कायम एखादं पांढरं पीस अडकलेली अशी ती बाई होती, आणि जीभ कात्रीसारखी.

"हेन्ये," ती मला म्हणायची, "तुझ्या लाझरचा पाव आज इतका कडक आहे की उशीत भरला तर नवरा-बायको दोघंही पहाटेच उठतील."

लाझर म्हणजे माझा नवरा. तो भिंतीपलीकडून ओरडायचा, "मावशी, मग फुकटची ऊब घेऊ नका!"

"ऊब पावाची घेते, तुझी नाही!"

तिचा नवरा काल्मेन पिंपं जोडायचा. मोठ्या दारूभट्ट्यांची कामं घेत गावोगाव फिरायचा, आणि वर्षातून एकदा, वल्हांडणाच्या, म्हणजे आम्हा यहुद्यांच्या वसंतातल्या मोठ्या सणाला घरी यायचा. इतका अबोल माणूस मी दुसरा पाहिला नाही. सणाच्या जेवणाला आमच्याकडे बसायचा आणि 'मीठ द्या' एवढंही बोलायचा नाही, नुसतं बोट दाखवायचा. एका वर्षी तो आला नाही, त्याच्या मरणाची बातमी आली. फ्रेदामावशीनं सुतकाच्या रीतीप्रमाणे बाहीचा काठ फाडला, सात दिवस जमिनीवर बसली, आठव्या दिवशी पिसं निवडायला लागली.

मूलबाळ नाही, असंच सगळे धरून चालले होते. आमच्याकडे नवरीच्या उशीचा पहिला टाका लेकुरवाळीनं घालायची पद्धत होती. म्हणून पिसं भरून झाली की कुणीतरी तिच्या हातातून उशी हळूच काढून घ्यायचं. ती द्यायची. मीसुद्धा घेतली आहे.

आन्शेल आमच्या गावात नवाच यायला लागला होता. सुया, दोरे, गुंड्या विकत फिरायचा. पण लोक वाट पाहायचे ती त्याच्या गोष्टींची. तो बोरिश्कोवच्या रेब्बेंचा, म्हणजे तिथल्या सत्पुरुष गुरूंचा, माणूस. तिथले थोरले रेब्बे वारले होते आणि गादीवर त्यांचा मुलगा होता, तरी गोष्टी सगळ्या थोरल्यांच्याच. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा पवित्र दिवस, संपत आला, तिन्हीसांजा झाल्या, की प्रार्थनाघरात तिसऱ्या जेवणाला पुरुष बसत. शब्बाथ संपेपर्यंत दिवा लावायचा नसे, त्यामुळे अंधारच. बायका बाजूच्या खोलीत, मध्ये दार. त्या अंधारात सत्पुरुषाची गोष्ट सांगायची. करमणूक म्हणून नव्हे. मुलांना शिकवणारे फिशेल, आम्ही मानानं 'रेब फिशेल' म्हणायचो, ते म्हणायचे, "प्रार्थना करताना आपण वर हाक मारतो. गोष्ट सांगताना वरचा माणूस खाली येऊन आपल्या बाकावर बसतो. म्हणून जरा सरकून बसा."

त्या दिवशी आन्शेलच्या तोंडात घास होता आणि लोकांना दम नव्हता.

"रेब आन्शेल, तो मासा गिळा आधी, नाहीतर चमत्कार घशात अडकेल," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

आन्शेलनं तोंड पुसलं आणि सुरुवात केली.

झालेस्ये गावात एक पिंपं जोडणारा होता. त्याचा एकुलता एक मुलगा घशाच्या दुखण्यानं पडला. श्वास घेताना शिट्टी वाजायची. बाहेर असा गारठा की झाडं तडकत होती. बाप म्हणाला, मी याला बोरिश्कोवला नेतो. आई चुलीपाशीच बसून राहिली. म्हणाली, "कशाला न्यायचं या थंडीत? रस्त्यातच जाईल. इथंच राहू दे, बरा व्हायचा तर इथं होईल." बापानं तिचं ऐकलं नाही. मुलाला पाठीशी बांधून तो बर्फातून चालत निघाला. शुक्रवारी दुपारी रेब्बेंच्या दारात पोचला तेव्हा मूल निळं पडलं होतं. थोरले रेब्बे स्वतः बाहेर आले. त्यांनी मुलाला आपल्या कोटाच्या आत घेतलं, डोळे मिटले, आणि एक शब्द बोलले. कुठला शब्द, ते कुणाला ऐकू आलं नाही. मुलानं डोळे उघडले, हात वर केला आणि रेब्बेंची दाढी ओढली.

"दाढी ओढली!" पुरुषांच्या खोलीत म्हातारे हसले, रडले. "असं आहे! असंच आहे!"

मी फ्रेदामावशीच्या कानाशी वाकून म्हणाले, "बघितलंस मावशी? कसली मेली आई ही! पोर मरायला टेकलंय आणि चुलीपाशी बसून राहिली."

मावशीकडून बारीक आवाज येत होता. अंधारात मला कळेना. हात लावला तर ती थरथरत होती, दातांवर दात वाजत होते. मला वाटलं, हिला थंडी भरून आली.

मग ती उठली आणि तिनं दार ढकललं.

आमच्या प्रार्थनाघरात ते दार कुठल्या बाईनं कधी उघडलेलं नव्हतं.

"ते कोण म्हणालं?" तिनं विचारलं. आवाज तिचा वाटेना. "'कशाला न्यायचं या थंडीत, रस्त्यातच जाईल,' हे कोण म्हणालं?"

"आई... मुलाची आई म्हणाली," आन्शेल म्हणाला. "बाई, तुम्ही..."

"आई मी आहे."

तिनं दाराची चौकट धरली.

"झालेस्येच्या पिंपवाल्याची बायको मी आहे. पोराला पाठीशी बांधून मी नेलं. मी! काल्मेन तर लाकडं तोडायला जंगलात गेला होता. जाताना तोच म्हणाला होता, कशाला न्यायचं या थंडीत. आणि मुलगा वाचला नाही. मेला. रेब्बेंच्या हातात मेला."

तिला मूल होतं, हाच धक्का पुरेसा होता. इतकी वर्षं आम्ही जिच्या हातातून उशी काढून घेत होतो ती बाई लेकुरवाळी होती. पण धक्का तिथं थांबला नाही. रेब फिशेल चाचरत म्हणाले, "रेब आन्शेल, ही गोष्ट तुम्ही कुणाकडून ऐकली?"

"बापाकडूनच," आन्शेल म्हणाला. अंधारातसुद्धा त्याचा आवाज पांढरा पडल्यासारखा वाटत होता. "बोरिश्कोवला, थोरल्या रेब्बेंच्या पंगतीत. एकदा नाही, बरेचदा. डाव्या हाताचा अंगठा वाकडा होता त्याचा. सांगताना ढसाढसा रडायचा."

"काल्मेन?" लाझरच्या तोंडून निघून गेलं. "आमचा काल्मेन? तो बोलायचा?"

फ्रेदामावशी तिथंच खाली बसली. अंगठा वाकडा होता हे सगळ्या गावाला माहीत होतं.

पुढचे चार-पाच दिवस गावात दुसरा विषय नव्हता. बाजारात, विहिरीवर, भट्टीसमोरच्या रांगेत तेच. कुणी म्हणे, बाईचं डोकं फिरलं. कुणी म्हणे, काल्मेननं सत्पुरुषाच्या नावानं थाप मारली, त्याला वर क्षमा नाही. मी तिच्या खोलीत जाऊन बसले. पिसांना तिनं हात लावला नव्हता.

"मावशी, तू कधी सांगितलं नाहीस."

"कुणी विचारलं? तुम्ही सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं." मग ती भिंतीला टेकून बसली. "तो जंगलातून परत आला तेव्हा सगळं संपलं होतं. मी सांगितलं. त्यानं टोपी काढली नाही, बसला नाही. कुऱ्हाड कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाला, 'हे गाव सोडू.' एवढंच. त्यानंतर पोराचं नाव त्याच्या तोंडून मी ऐकलं नाही. मला वाटायचं, माझ्यावर राग आहे. नेलंस म्हणून मेला, असं म्हणत असेल मनात. आणि तिकडे हा दाढी ओढायला लावत होता त्याला!" तिनं भिंतीवर मूठ आपटली. "दाढी तो ओढायचाच, हेन्ये. दिसेल त्याची. ते खरं आहे. बाकी सगळं..."

ती बोरिश्कोवला जायला निघाली. एकटी जाऊ देणं शक्य नव्हतं, म्हणून मी गेले. गाडी आन्शेलनं हाकली. वाटभर तो खाली मान घालून बसला होता. अर्ध्या रस्त्यात मावशीनंच त्याला विचारलं, "तो कुठं बसायचा?"

"कोण?"

"माझा नवरा. त्या पंगतीत."

"अगदी शेवटी, दाराजवळ. पण थोरले रेब्बे त्याला पुढं बोलवायचे."

आताचे धाकटे रेब्बे वयानं साठीला आले होते. डोळे लाल, बोटं शाईनं भरलेली. आम्हाला त्यांनी लगेच आत घेतलं. मावशीनं उभ्यानं सगळं सांगितलं, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा असा काही उतरत गेला की मला बघवेना.

"त्या हिवाळ्यात मी इथं नव्हतो," ते शेवटी म्हणाले. "सासुरवाडीला राहून धर्मग्रंथ शिकत होतो. मला यातलं काही माहीत नाही. मला ती गोष्टच माहीत आहे. बाई, मी ती माझ्या नातवंडांना सांगितली आहे."

मग ते उठून खिडकीपाशी गेले.

"तुमचा नवरा पहिल्यांदा आला तेव्हा मी बाबांच्या शेजारी बसलो होतो. पंगतीत कुणी कुणी आपापली गोष्ट सांगत होतं. हा उठला आणि त्यानं ही सांगितली. मी बाबांकडे पाहिलं. ते हसले नाहीत, मान डोलावली नाही. मला वाटलं, स्तुती आवडत नाही म्हणून. गोष्ट संपल्यावर बाबांनी त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, 'आता केवढा झाला?'"

फ्रेदामावशीनं टेबलाची कड धरली.

"काय?"

"'आता केवढा झाला?' असं विचारलं. तो म्हणाला, माझ्या कमरेएवढा. पुढच्या वर्षी आला, पुन्हा सांगितली, बाबांनी पुन्हा विचारलं. म्हणाला, खांद्याला लागतो. दरवर्षी. अक्षरं शिकला, गाडी हाकायला शिकला. बाबा सगळं ऐकून घ्यायचे. आणि बाबांना तर... त्यांच्या हातात..."

"त्यांना माहीत होतं," मावशी म्हणाली. "त्यांना पहिल्यापासून माहीत होतं!"

"हो."

"त्याला विचारलं केवढा झाला. मला कुणी विचारलं? तो इथं येऊन पोराला वाढवत होता, आणि मी? मला फक्त ते थडगं! आणि वर मलाच चुलीपाशी बसवलं! त्याचे शब्द माझ्या तोंडात घातले, आणि साऱ्या मुलखानं मला शिव्या दिल्या. हिनंसुद्धा दिल्या!" तिनं माझ्याकडे बोट केलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मला वाटलं, आता रेब्बे काहीतरी सुंदर बोलतील. असे लोक बोलतातच. पण त्यांनी एवढंच विचारलं,

"मुलाचं नाव काय होतं?"

मावशी दचकली. आन्शेल दारात उभा होता, तोही दचकला. इतकी वर्षं ती गोष्ट सांगितली जात होती, पण त्यात मुलाला नाव नव्हतं.

"शाये," ती म्हणाली. मग लाडानं हाक मारावी तसं म्हणाली, "शायेले."

"बाबा म्हणायचे, गोष्ट ही प्रार्थनाच आहे," रेब्बे हळू म्हणाले. "मग आम्ही ती कुणासाठी करत होतो? बाई, उद्या शब्बाथ आहे. तिसऱ्या जेवणाला तुम्ही सांगा."

"मी? पुरुषांत?"

"दार उघडं ठेवू. तुम्ही उंबऱ्यावर बसा."

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला दार खरंच उघडं ठेवलं गेलं. काही पुरुष पाठ फिरवून बसले, काही उठून गेले. फ्रेदामावशी उंबऱ्यावरच्या स्टुलावर बसली. मी तिच्या मागं. तिचा हात माझ्या हातात होता.

तिनं सांगितलं ते असं. पोराला पाठीशी बांधून ती निघाली. वाटेत नदी गोठलेली होती, त्यावरून चालली. चालताना त्याची शिट्टी कानाशी ऐकू यायची. तिला वाटायचं, वाजू दे, वाजते आहे तोवर आहे. अंगणात पोचली तेव्हा शुक्रवारची धांदल होती, कुणी पाणी आणतंय, कुणी पाव. कुणीतरी आत ओरडलं आणि थोरले रेब्बे तसेच बाहेर आले, नुकते नाहून, दाढी ओली, अंगात नुसता सदरा. त्यांनी मुलाला घेतलं.

"त्यांनी कोटात घेतलं नाही. कोट अंगावर नव्हताच. छातीशी धरलं. शिट्टी बारीक झाली आणि थांबली. मी म्हटलं, 'काहीतरी करा!' आणि ते मला म्हणाले, 'मुली, मला काही करता येत नाही.'"

पंगतीत एक म्हातारा ताडकन उठला. "बस! ही काय बोलते आहे! थोरल्या रेब्बेंना करता येत नाही? हे ऐकायला आम्ही इथं बसलोय? बाईला बाहेर काढा!"

"बसा," रेब्बे म्हणाले.

"रेब्बे, तुमच्या वडिलांची ही..."

"माझ्या वडिलांविषयी ऐकायला मी बसलोय. तुम्हीही बसा."

म्हातारा बसला, पण डोक्यावरची शाल त्यानं कपाळापर्यंत ओढून घेतली. मावशीनं पुढं सांगितलं. थोरले रेब्बे तिच्या शेजारी बर्फातल्या पायरीवर बसले. आत मेणबत्त्या लागल्या, लोक त्यांना बोलवायला आले. ते गेले नाहीत. शब्बाथला दफन करता येत नाही म्हणून मुलाला लाकडांच्या खोपटात ठेवलं. रात्रभर आणि दुसरा दिवसभर ते तिथंच स्तोत्रं म्हणत बसले. जेवले नाहीत. रविवारी खड्डा खणला तेव्हा पहिली माती त्यांनी घातली. निघताना त्यांनी तिला विचारलं, "याचा बाप कुठं आहे?" ती म्हणाली, जंगलात. ते म्हणाले, "त्याला इकडे पाठव."

"मी घरी येऊन निरोप दिला होता," मावशी म्हणाली. "त्यानं ऐकल्याचं दाखवलंसुद्धा नाही. तो इथं आला हे मला आत्ता, आन्शेलच्या तोंडून कळलं."

एवढं म्हणून ती थांबली. कुणीही 'असंच आहे' म्हटलं नाही. रेब्बेंनी दोन्ही हातांत तोंड लपवलं होतं. दिव्याची वेळ होऊन गेली तरी उठून दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही.

यानंतर बोरिश्कोवच्या रेब्बेंपासून काही घरं तुटली. सत्पुरुषाला 'येत नाही' म्हणू देणारा रेब्बे आम्हाला नको, असं म्हणत ती दुसऱ्या रेब्बेंच्या दरबाराला लागली. ज्यांना तो चमत्कार लहानपणापासून पाठ होता त्यांचं मी समजू शकते. मलाही ती दाढी ओढण्याची गोष्ट अजून आवडते, आणि आवडते म्हणून लाज वाटते.

आन्शेलनं गोष्टी सांगणं सोडलं. सुया विकायचा आणि निघून जायचा. वल्हांडणाचा सण झाल्यावर एक दिवस भट्टीच्या मागं आला. मावशी पिसं निवडत होती, मी कणीक मळत होते.

"फ्रेदाबाई," तो टोपी चुरगळत म्हणाला, "ती गोष्ट... मी सांगावी का नाही?"

"शेवटच्या वर्षी तो केवढा झाला होता?" मावशीनं मान वर न करता विचारलं.

आन्शेलला क्षणभर कळलं नाही. मग म्हणाला, "लग्न ठरलंय, म्हणाला होता काल्मेन."

"मुलगी कुठली?"

"ते बोलला नाही."

"हं. मुलगी कुठली ते नाही सांगितलं. बापांना हे कधी सुचतच नाही." ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. हातातली पिसं सगळीकडे उडाली. मी कणकेच्या हातांनीच तिला धरलं.

शांत झाल्यावर तिनं नाक पुसलं. "सांग," ती म्हणाली. "नाव घालून सांग. मी चालत गेले ते सांग. आणि मेला असं सांग."

"लोकांना आवडणार नाही."

"मला आवडलं होतं?"

"आणि काल्मेनचं? तो दरवर्षी येऊन काय सांगायचा, ते?"

मावशीनं उडालेली पिसं एकेक करून गोळा केली. "तेही सांग. पण माझं आधी."

आन्शेलनं ती तशी सांगायला सुरुवात केली. दोन-तीन गावांत लोकांनी त्याला मध्येच गप्प केलं. एका धर्मशाळेत त्याची पेटी दाराबाहेर फेकली. तो पुन्हा त्या गावी गेला आणि पुन्हा सांगितली. आमच्याकडे त्यानं सांगितली तेव्हा उन्हाळा लागला होता. संपल्यावर लोक मुकाट्यानं उठून गेले. मी आणि मावशी बाहेर पडलो, तर कोपऱ्यावर बेरिश गाडीवाला उभा होता. आडदांड माणूस, तोंडात कायम शिव्या. त्याची धाकटी मुलगी पानगळीच्या दिवसांत तापानं गेली होती आणि तेव्हापासून तो प्रार्थनाघराची पायरी चढला नव्हता. आज मागं उभा राहून ऐकत होता, हे मला माहीत नव्हतं.

"फ्रेदामावशी," तो म्हणाला, "जरा बसता का माझ्याजवळ?"

मावशीनं मला पुढं जायची खूण केली. दोघं विहिरीजवळच्या बाकावर बसले. तिनं त्याला काहीतरी विचारलं, आणि तो एवढा मोठा माणूस जमिनीपासून हात वर धरून तिला दाखवायला लागला, केवढी होती ते.